चौदा हजारांची हार, चौऱ्याहत्तर हजार बाद मतं

जव्हारच्या कॉलेजात शिकणाऱ्यानं शिरपामाळ पाहिला नाही, असं सहसा होत नाही. पावसाळा सरत आला की ग्रुप निघतो, माळावर फोटो निघतात, आणि कुणीतरी ती गोष्ट पुन्हा सांगतं. सुरतेच्या पहिल्या स्वारीला जाताना शिवाजी महाराज इथं थांबले, जव्हारचे राजे विक्रमशहा मुकणे यांनी त्यांचं स्वागत केलं आणि मानाचा शिरपेच चढवला. म्हणून हा शिरपामाळ. परंपरा तरी असंच सांगते.

त्या काळी मान देणारा हात राजाचा होता. १९४८ मध्ये जव्हार संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि चारच वर्षांत मान देण्याचा हक्क पाड्यापाड्यावरच्या माणसाकडे आला. पण राजानं चढवलेला शिरपेच मोजावा लागत नाही. लोकांनी दिलेलं मत मोजावं लागतं. आणि मोजणी आली की प्रश्न आलाच : कुठलं मत धरायचं, कुठलं बाद करायचं, आणि ते बरोबर केलं की चूक, हे कुणी ठरवायचं?

हा प्रश्न पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत उभा राहिला. तो घेऊन दाद मागायला गेलेला उमेदवार साधासुधा नव्हता. मतदानाचे नियम आणि दाद मागायची वाट, दोन्ही ज्यांनी संसदेत मंजूर करून घेतली होती, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः फिर्यादी होते.

मतासाठी अर्धं आयुष्य

महूला १४ एप्रिल १८९१ रोजी जन्म, मुंबईत शिक्षण, मग कोलंबिया आणि लंडन, हे आपल्याला शाळेपासून पाठ असतं. कमी सांगितली जाते ती एक गोष्ट : मताचा हक्क हा बाबासाहेबांचा अगदी सुरुवातीपासूनचा विषय होता.

जानेवारी १९१९. वय २७, सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी. मताचा हक्क कुणाला द्यावा याचा विचार करणारी साऊथबरो समिती मुंबईत आली होती. तेव्हा मत होतं ते जमीन, कर आणि शिक्षण असलेल्या मूठभरांना. अस्पृश्यांकडे यातलं काहीच नव्हतं, म्हणून मतही नव्हतं. बाबासाहेबांनी समितीपुढे मांडलेला मुद्दा असा की, मत हे शिकलेल्यांना मिळणारं बक्षीस नाही, मत देता देताच माणूस नागरिक म्हणून घडतो. पुढे सायमन कमिशनच्या वेळी त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला. देशातले बरेच पुढारी तेव्हा या मागणीला घाईची समजत होते.

१९३२ च्या पुणे करारानं स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि राखीव जागा आल्या. याचा व्यवहारातला अर्थ नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. राखीव जागेवर उमेदवार अनुसूचित जातीचाच, पण मत सगळ्यांनी द्यायचं. म्हणजे निवडून यायचं तर आपल्या माणसांची मतं पुरत नाहीत.

१९३७ ची प्रांतिक निवडणूक बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्षाकडून मुंबईतून लढवली. समोर काँग्रेसनं उभे केले होते नावाजलेले क्रिकेटपटू पी. बाळू. बाबासाहेबांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५. त्या निवडणुकीत मुंबई इलाख्यातल्या एकाहून जास्त जागांच्या मतदारसंघात एक सोय होती : मतदाराला आपली सगळी मतं एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकता येत. संख्येनं लहान समाजाला ही सोय मोठा आधार होती. पंधरा वर्षांनी तीच नव्हती.

दोन चिठ्ठ्या, दोन पेट्या

स्वातंत्र्यानंतर बाबासाहेब कायदामंत्री झाले. घटनेनं प्रत्येक प्रौढाला मत दिलं. निवडणुकीची प्रत्यक्ष यंत्रणा आली ती १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानं, आणि तो संसदेतून पार नेण्याचं काम कायदामंत्र्यांचंच होतं.

१९५१-५२ मध्ये लोकसभेचे ४०१ मतदारसंघ होते. त्यातल्या ८६ मधून दोन-दोन खासदार निवडायचे होते : एक सर्वसाधारण, एक राखीव. मुंबई शहर उत्तर हा मतदारसंघ असाच. आपल्याकडचा ठाणे मतदारसंघही दोन जागांचा, फक्त तिथली राखीव जागा आदिवासींसाठी. अशा ठिकाणी प्रत्येक मतदाराला दोन मतं. मात्र कायद्याचं कलम ६३ सांगत होतं, एका उमेदवाराला एकाहून जास्त मत द्यायचं नाही.

आता तेव्हाचं मतदान कसं व्हायचं ते डोळ्यांपुढे आणा. शिक्का नाही, बटण तर नाहीच. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचं चिन्ह. काँग्रेसची बैलजोडी, बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती. विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात अशा लाखो पेट्या तयार झाल्या होत्या. पडद्याआड जायचं आणि हातातली कोरी मतपत्रिका आपल्या पसंतीच्या पेटीत सोडायची. दोन मतं असतील तर दोन मतपत्रिका, दोन वेगळ्या पेट्यांत. कुणी दोन्ही एकाच पेटीत टाकल्या, तर मोजताना एकच धरायची, दुसरी बाद.

इथूनच एक डाव जन्माला आला. मराठीत त्याला नावही चपखल पडलं : मत कुजवणं. आपलं एक मत आपल्या उमेदवाराला द्यायचं आणि दुसरं मुद्दाम वाया घालवायचं, म्हणजे ते आपल्या माणसाच्या स्पर्धकाला जाणार नाही.

निकाल आणि आकडे

सप्टेंबर १९५१ मध्ये हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं आणि ते थेट निवडणुकीला सामोरे गेले. फेडरेशनची समाजवादी पक्षाशी युती झाली. राखीव जागेवर बाबासाहेब, सर्वसाधारण जागेवर समाजवादी नेते अशोक मेहता. हिशेब सरळ होता : युतीच्या मतदारानं एक मत हत्तीला द्यावं, दुसरं मेहतांना. समोर काँग्रेसचे विठ्ठल बाळकृष्ण गांधी आणि नारायण सदोबा काजरोळकर. कम्युनिस्टांकडून श्रीपाद अमृत डांगे.

जानेवारी १९५२ मध्ये निकाल लागला. काजरोळकर १,३८,१३७. आंबेडकर १,२३,५७६. फरक १४,५६१ मतांचा. घटना समितीच्या मसुदा समितीचा अध्यक्ष पहिल्या लोकसभेत नव्हता. मेहताही हरले.

पण आणखी एक आकडा होता. या मतदारसंघात बाद ठरलेली मतं ७४,३३३. हरण्याच्या फरकाच्या पाचपट.

बाबासाहेब आणि मेहता या दोघांनी मिळून निवडणूक याचिका केली. निवडणूक रद्द करा, अशी मागणी. मतं कुजवण्याचा पद्धतशीर प्रचार झाला, मतदारांना कायद्यानं न धरली जाणारी कृती करायला सांगण्यात आलं, असा त्यांचा आक्षेप. रोख मुख्यतः डांगे आणि कम्युनिस्टांवर. घटनेच्या कलम ३२९ नुसार निवडणुकीला आव्हान द्यायचं तर याचिकेनंच. तेव्हा ती उच्च न्यायालयात होत नसे. निवडणूक आयोगाकडे द्यायची, आयोग तीन जणांचं न्यायाधिकरण नेमणार. ही रचनाही १९५१ च्याच कायद्यातली. मंत्री म्हणून ज्या कायद्याची बाजू सभागृहात मांडली, त्याच्याच दारात ते अर्जदार होऊन उभे राहिले.

केस अवघड का होती?

लॉ करणाऱ्यांनी इथं जरा थांबावं. पहिल्या नजरेत केस मजबूत वाटते : फरक चौदा हजारांचा, बाद मतं चौऱ्याहत्तर हजार. पण निवडणूक रद्द करायची तर चूक झाली एवढं सांगून भागत नाही. त्या चुकीनं निकालावर खरा परिणाम झाला, हे दाखवावं लागतं. बाद झालेली ही मतं नीट पडली असती तर कुणाला गेली असती? मतदाराला विचारता येत नाही, कारण मत गुप्त असतं आणि तू कुणाला मत दिलंस हे सांगायला साक्षीदाराला भाग पाडता येत नाही. शिवाय दुसरं मत द्यायचंच नाही, असं ठरवणाऱ्याला कायदा अडवत नव्हता.

अजून एक बोचणारा आकडा पाहा. युतीचे साथीदार अशोक मेहता यांना मतं पडली १,३९,७४१. म्हणजे बाबासाहेबांपेक्षा १६,१६५ जास्त. मेहतांना मत देणाऱ्या निदान इतक्या जणांचं दुसरं मत हत्तीच्या पेटीत पडलं नाही. आणि हरण्याचा फरक होता १४,५६१. काही मतं कुजवली गेली असतील, पण काही मतदारांचा हातच अस्पृश्य उमेदवाराच्या पेटीपर्यंत गेला नाही, ही शंका आकड्यांतून डोकं वर काढते. हे सिद्ध करणारा पुरावा मात्र कुठल्याही मतपेटीत सापडत नाही.

याचिका फेटाळली गेली. काजरोळकरांची निवड कायम राहिली. त्या कायद्याप्रमाणे न्यायाधिकरणाचा निर्णय अखेरचा होता. बाबासाहेब तोवर मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले होते, आणि तिथं त्यांनी आपलं काम चालू ठेवलं.

भंडाऱ्याची परीक्षा

माणसाची खरी पारख पुढे झाली. १९५४ मध्ये भंडारा मतदारसंघात पोटनिवडणूक लागली. पुन्हा दोन जागा, पुन्हा बाबासाहेब राखीव जागेवर, पुन्हा अशोक मेहता सर्वसाधारण जागेवर. काही कार्यकर्त्यांच्या मनात मुंबईचा घाव ताजा होता. आपल्या लोकांनी दुसरं मत कुजवावं, म्हणजे बाबासाहेब नक्की निघतील, असा सल्ला त्यांनी दिला. त्या काळच्या कार्यकर्त्यांच्या आठवणींत असं येतं की बाबासाहेबांनी तो साफ नाकारला. दोन्ही मतं द्या, वाया घालवू नका, हाच त्यांचा निरोप होता.

निकाल लागला. मेहता निवडून आले. बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून आठ हजारांहून थोड्या जास्त मतांनी हरले.

विचार करा. ज्या डावामुळे आपण हरलो असं त्यांना वाटत होतं, ज्याच्या विरोधात ते दाद मागायला गेले होते, तोच डाव दोन वर्षांत त्यांच्या हातात आला होता. तो वापरला असता तर कदाचित लोकसभा मिळाली असती. पण मग मुंबईच्या याचिकेतला मुद्दा फक्त हरलेल्या माणसाची तक्रार ठरला असता. ६ डिसेंबर १९५६ ला त्यांचं दिल्लीत निधन झालं. स्वतंत्र भारताच्या लोकसभेवर ते कधीच निवडून गेले नाहीत.

पुढे काय बदललं?

१९६१ मध्ये खास कायदा करून दोन जागांचे मतदारसंघ मोडण्यात आले. एक मतदारसंघ, एक खासदार, एक मत; लोकसभेपुरतं मत कुजवण्याचं कारणच संपलं. १९६६ च्या दुरुस्तीनंतर निवडणूक याचिका न्यायाधिकरणाऐवजी थेट उच्च न्यायालयात जाऊ लागल्या. निकालापासून ४५ दिवसांत त्या दाखल कराव्या लागतात आणि निर्णयावर सर्वोच्च न्यायालयात अपील करता येतं.

आपल्या जव्हार-मोखाड्यात हे सगळं सर्वात जवळून दिसतं ते ग्रामपंचायतीला. एका प्रभागात दोन-तीन जागा, म्हणून एका मतदाराला दोन-तीन मतं. फक्त आता प्रत्येक जागेचे उमेदवार वेगळे, त्यामुळे एकाला दोनदा मत देण्याचा प्रश्न येत नाही. इथं सीट एका-दोन मतांनीही जाते. मग पारावर रात्रभर चर्चा, व्हॉट्सॲपवर आरोप, दोन घरांत वर्षभर अबोला. वाट मात्र इथंही आहे. ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १५ प्रमाणे निकालानंतर पंधरा दिवसांत दिवाणी न्यायाधीशाकडे अर्ज करता येतो. पंधरा दिवस गेले की मोबाईलवरचे शंभर मेसेजही कामाचे नाहीत.

तुमच्यापैकी अनेकांचं नाव मतदारयादीत पहिल्यांदाच लागलं असेल. कधी कुणी मोजणीच्या टेबलावर एजंट म्हणून बसेल, कुणी उमेदवार होईल, आणि कुणीतरी थोडक्यात हरेल. तेव्हा हे दोन प्रसंग आठवा. मुंबईत हरल्यावर बाबासाहेब गप्प बसले नाहीत, कायद्यानं दिलेल्या दारात गेले आणि आकडे मांडले. भंडाऱ्यात डाव हातात असताना त्यांनी तो खेळला नाही. पहिली गोष्ट करणारे आजही बरेच भेटतात. दुसरी करणारा उमेदवार तुमच्या प्रभागात कुणी आहे का, ते पुढच्या निवडणुकीत बघून ठेवा.