थांबवणाऱ्या माणसाची गोष्ट

माझा एक मामा रेल्वेत कॅबिनमन होता. मनमाडच्या अलीकडचं एक लहानसं स्टेशन, दोन फलाट, एक कडुनिंब आणि टोकाला ती लाकडी जिन्याची कॅबिन. मे महिन्याच्या सुटीत आम्ही मुलं तिथे जायचो. मामा मला कधीकधी वर नेई. आत ओळीने उभे असलेले लोखंडी खटके, त्यांच्या मुठी हातांनी घासून चांदीसारख्या झालेल्या. एखादा खटका मी दोन्ही हातांनी ओढून पाही, तो हलायचा नाही. मला वाटे, आपल्या अंगात जोर नाही. मग मामा शेजारचा एक खटका आधी ओढे, आणि मघाचा तोच हट्टी खटका त्याच्या हातात मुकाट्याने येई. आधी सांधा बसला पाहिजे, त्याला कुलूप पडलं पाहिजे, तरच सिग्नलचा खटका सुटतो, हे त्याने मला समजावलं होतं. माणूस विसरला तरी लोखंड विसरत नाही, असं काहीसं त्याचं म्हणणं असे.

1969 च्या उन्हाळ्यातली एक दुपार माझ्या डोक्यात कायमची बसली आहे. पॅसेंजर बाहेरच्या सिग्नलपाशी उभी राहून शिट्ट्यांवर शिट्ट्या मारत होती. सिग्नलची तार तुटली होती. मला कोडं पडलं. सिग्नल पडला म्हणजे गाडी येणार, हे तर स्टेशनाजवळच्या प्रत्येक पोराला ठाऊक. मग तार तुटल्यावर हात धपकन खाली पडायला हवा होता. तो आडवाच कसा राहिला? मामाने घाम पुसत सांगितलं की त्या हाताला मागे एक वजन लावलेलं असतं. तार ओढून धरली तरच हात खाली येतो. तार तुटली, कॅबिनमन झोपला, अगदी मेला, तरी ते वजन हाताला आडवं करतं आणि आडवा हात म्हणजे थांबा. पुढे जायला कोणाची तरी परवानगी लागते, थांबायला लागत नाही. अखेर स्टेशनमास्तरांनी लेखी परवाना पाठवला तेव्हा ती गाडी आत आली.

पुढे मी बँकेत लागलो. तिथे पस्तीस वर्षं काढली, मधल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. रेल्वेशी संबंध उरला तो तिकिटापुरता. निवृत्तीनंतर एका कादंबरीत स्टेशन आलं आणि लक्षात आलं, आपल्याला त्यातलं काहीच धड येत नाही. तेव्हा वयाच्या बासष्टाव्या वर्षी वही-पेन्सिल घेऊन सिग्नलचा श्रीगणेशा गिरवायला बसलो. त्या वाचनात एक माणूस वारंवार भेटू लागला. शेवटी कादंबरी बाजूला राहिली आणि मी त्याच्याच मागे लागलो. त्याचं नाव जॉर्ज वेस्टिंगहाऊस.

हे नाव आपल्याकडे बहुतेकांनी विजेच्या संदर्भात ऐकलेलं असतं. पण त्याचं आयुष्य सुरू झालं ते गाड्या थांबवण्यापासून. 6 ऑक्टोबर 1846 रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या सेंट्रल ब्रिज या खेड्यात तो जन्मला. वडिलांचा शेतीच्या यंत्रांचा कारखाना होता. पोरगा शाळेत कमी आणि लेथपाशी जास्त. अमेरिकेतलं यादवी युद्ध पेटलं तेव्हा हा पंधरा वर्षांचा सैन्यात पळून गेला, घरच्यांनी परत आणला. पुन्हा गेला तो आधी घोडदळात, मग नौदलात इंजिनांवर. त्याचा एक भाऊ त्या युद्धात गेला. परतल्यावर कॉलेजात नाव घातलं आणि पहिल्याच सत्रात काढलं. एकोणिसाव्या वर्षी पहिलं पेटंट, विसाव्या वर्षी लग्न. मार्गरेट वॉकर ही मुलगी त्याला आगगाडीतच भेटली असं त्याचे चरित्रकार सांगतात. या माणसाचं सगळंच रुळांवर घडलं.

सगळ्यात महत्त्वाची घटनाही तिथलीच. 1866 च्या सुमारास तो स्केनेक्टडीहून ट्रॉयला जात असताना वाटेत गाडी खोळंबली. पुढे दोन मालगाड्या समोरासमोर धडकल्या होत्या. धुकं नव्हतं, वळण नव्हतं, चढउतार नव्हता. दोन्ही ड्रायव्हरांनी एकमेकांना लांबून पाहिलं होतं; फक्त थांबायला वेळ पुरला नाही. त्या काळी ब्रेक म्हणजे काय, तर इंजिनाची शिट्टी ऐकली की वाघिणींच्या छतांवर बसलेली माणसं एका वाघिणीवरून दुसरीवर उड्या मारत लोखंडी चाकं फिरवत जायची. पावसात, बर्फात, रात्री. त्यातली किती घसरून पडत याचा हिशेब कोणाला नकोसाच होता.

विशीतल्या त्या तरुणाच्या मनात एकच विचार घर करून बसला: ब्रेक ड्रायव्हरच्याच हातात हवा आणि सगळ्या डब्यांना एकदम लागला पाहिजे. साखळी करून पाहिली, वाफ करून पाहिली. मग एका मासिकात आल्प्समधल्या माँ सेनीच्या बोगद्याची हकिकत त्याच्या वाचनात आली. तिथे दाबलेली हवा नळीतून फार लांबवर नेऊन खडक फोडत होते. हवा इतक्या लांब जाऊन डोंगर फोडू शकते, तर चाक का धरणार नाही?

पहिली चाचणी पिट्सबर्गच्या गाडीवर झाली. बोगद्यातून बाहेर पडताच डॅनियल टेट या ड्रायव्हरला समोर रुळांवर घोडागाडी अडकलेली दिसली आणि तिच्यावरचा माणूस खाली फेकला गेलेला. टेटने दांडा फिरवला. मागच्या डब्यातले बडे अधिकारी आसनांवरून उडाले, पण गाडी त्या माणसापासून चार फुटांवर थांबली. 13 एप्रिल 1869 रोजी पेटंट मिळालं आणि त्याच वर्षी कंपनी उभी राहिली. मालकाचं वय बावीस.

इथपर्यंतची गोष्ट कोणत्याही हुशार माणसाची असते. मला तो आवडला तो पुढच्या तीन वर्षांसाठी. त्याचा पहिला ब्रेक असा होता की इंजिनातून हवा सोडली की ती नळीतून डब्यांकडे जाई आणि ब्रेक लागे. उत्तम चाले. पण नळी फुटली तर? गाडी मधूनच तुटून मागचे डबे उतारावरून घरंगळू लागले तर? हवा पोचणारच नाही आणि नेमकी गरज असताना ब्रेक बसणार नाही. ब्रेक खपत होता, पैसा येत होता, तक्रार करणारं फारसं कोणी नव्हतं. तरी त्याने आपलंच यंत्र उलटं केलं. 1872 च्या नव्या रचनेत प्रत्येक डब्याखाली हवेची टाकी ठेवली आणि नळीत कायम दाब भरून ठेवला. तो दाब आहे तोवर ब्रेक सुटलेला. दाब गेला, मग तो ड्रायव्हरने घालवलेला असो, नळी फुटल्याने गेलेला असो की डबा तुटल्याने, की ब्रेक आपोआप बसला. हे वाचताना मी पुस्तक मिटलं आणि मामाच्या कॅबिनसमोरचं ते वजन मला लख्ख दिसलं.

गंमत अशी की त्याच 1872 साली विल्यम रॉबिन्सन या दुसऱ्या अमेरिकनानेही आपलं यंत्र असंच उलटं केलं. रुळांतून वीज सोडून पुढे गाडी आहे की नाही हे ओळखायचा त्याचा प्रयत्न चालला होता. आधीच्या रचनेत गाडी आली की मंडल पूर्ण होऊन इशारा मिळे. तार तुटली तर इशाराच नाही, आणि सिग्नल खुशाल मोकळा. नव्या रचनेत त्याने रुळांच्या एका टोकाला बॅटरी आणि दुसऱ्या टोकाला विजेचा चुंबक जोडला. रूळ रिकामा असेपर्यंत चुंबकाला वीज मिळते आणि सिग्नल मोकळा राहतो. गाडीची चाकं आली की वीज चाकांतूनच परत फिरते, चुंबक सुटतो, सिग्नल लाल. बॅटरी संपली, तार तुटली, बहुतेक वेळा रूळ तुटला, तरीही लालच. वेस्टिंगहाऊसने हे मर्म ओळखलं. रॉबिन्सनची कंपनी आणि सांधे-सिग्नल एकमेकांत अडकवणारी आणखी एक कंपनी घेऊन त्याने 1881 मध्ये सिग्नलची मोठी कंपनी काढली. पुढे हवेचा जोर आणि विजेचा हुकूम यांची सांगड घालून लांबचे जड सांधे कॅबिनमधून हलवण्याची सोय त्याच्या लोकांनी केली.

दर पावसाळ्यात मुंबईच्या लोकलमध्ये आपण सिग्नलच्या बिघाडाची घोषणा ऐकतो आणि कपाळाला हात लावतो. मीही लावत आलो. पण रूळ पाण्यात बुडाले की वीज पाण्यातूनच वाट काढते, चुंबक सुटतो आणि रिकाम्या रुळावरही लाल दिवा लागतो. म्हणजे त्या वेळी सिग्नल काही चुकत नसतो. मला पुढचं खात्रीने दिसत नाही, तेव्हा थांबा, एवढंच तो सांगत असतो. हे कळल्यापासून कुर्ल्याला तासभर अडकलो तरी मी शिव्या थोड्या कमी देतो.

हे तत्त्व लोकांच्या गळी उतरायला मात्र मरणं लागली. इंग्लंडात वेस्टिंगहाऊसने चाचण्या जिंकल्या, तरी तिथल्या कंपन्या खर्च बघत बसल्या. 12 जून 1889 रोजी आयर्लंडमध्ये अर्मा गावाजवळ सहलीच्या गाडीचे मागचे डबे चढावर सुटे केले. त्यांचा ब्रेक सुटे झाल्यावर न लागणाऱ्या जातीचा होता. डबे मागे घरंगळले आणि येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे 80 जण गेले, त्यांत मुलं कितीतरी. त्याच वर्षी कायदा झाला: प्रवासी गाडीला आपोआप लागणारा ब्रेक हवा, सांधे आणि सिग्नल एकमेकांना बांधलेले हवेत आणि एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी हवी. सिग्नलशास्त्राची बाराखडी म्हणतात ती हीच. आपल्याकडे इंग्रजांबरोबर व्हॅक्यूम ब्रेक आला, हवेचा ब्रेक फार उशिरा, गेल्या शतकाच्या अखेरीस. पण आपोआप लागण्याचं तत्त्व दोन्हींत तेच. साखळी ओढल्यावर गाडी थांबते ती त्याचमुळे.

अमेरिकेतही मालगाड्यांचा प्रश्न उरला होता. बर्लिंग्टनच्या चाचण्यांत पन्नास वाघिणींची गाडी थांबवताना पुढचा ब्रेक आधी लागे, मागच्या वाघिणी येऊन आदळत. सगळ्यांसमोर नाचक्की झाली. त्याने झडप नव्याने आखली, 1887 मध्ये ती चालवून दाखवली आणि पन्नास वाघिणींची गाडी देशभर फिरवली. 1893 मध्ये अमेरिकेने ब्रेकची सक्ती करणारा कायदा केला.

विजेची कथा मी थोडक्यात आटोपतो, ती सर्वांना ठाऊक आहे. एडिसनच्या विरोधात प्रत्यावर्ती विजेची बाजू घेणं, टेस्लाची पेटंटं, 1893 च्या शिकागो प्रदर्शनाची रोषणाई, नायगाऱ्याची वीज. कारखान्यात शनिवारी अर्धी सुटी त्याने 1871 पासूनच दिली होती. आम्हा बँकवाल्यांना शनिवारच्या अर्ध्या दिवसाची किंमत वेगळी सांगायला नको.

पण इथे माझ्यातला बँकेचा माणूस अस्वस्थ होतो. त्याच्या हिशेबाच्या वह्या मला बघवत नाहीत. वीस-वीस वर्षांनी फळ देणारी कामं त्याने थोड्या महिन्यांच्या उधारीवर उभी केली होती. मुदत आली की कर्ज पुढे ढकलायचं. 1890 मध्ये लंडनची बेअरिंग पेढी डळमळली तेव्हा त्याला पहिला झटका बसला. पिट्सबर्गच्या बँकांनी पैशाच्या बदल्यात कारभारावर ताबा मागितला. तो उठून निघून गेला आणि न्यूयॉर्कहून मदत मिळवून वाचला. 22 ऑक्टोबर 1907 रोजी न्यूयॉर्कची निकरबॉकर ट्रस्ट बसली. दुसऱ्याच दिवशी त्याची वीज कंपनी रिसीव्हरांच्या हाती गेली. ब्रेकची आणि सिग्नलची कंपनी मात्र शाबूत राहिली.

मी एकदा दुसऱ्या बाजूला बसलो होतो. एका औद्योगिक वसाहतीतली शाखा. कारखानदाराकडे ऑर्डरी भरपूर, पण कर्जाची मुदत संपलेली, आणि वरून पुढे वाढवू नका असा निरोप आलेला. नोटिशीवर सही माझी. नियमाने मी बरोबर होतो, आजही तेच म्हणेन; सिग्नल लाल होता. पण त्याच्याकडे चाळीस माणसं कामाला होती आणि त्यातल्या दोघांची खाती माझ्याच काउंटरवर होती. त्या महिन्यात त्यांनी पासबुक भरायला आणलं नाही.

वेस्टिंगहाऊसच्या हजारो कामगारांनी स्वतःच्या पगारातून कंपनीचे भाग घेतले. 1908 च्या अखेरीस कंपनी उभी राहिली, पण मालकाचे अधिकार बँकवाल्यांनी कापले होते. 1911 पर्यंत तो बाहेर पडला. बहुधा जन्मात प्रथमच त्याला रोज सकाळी जायला कारखाना उरला नाही. प्रकृती खालावली, चाकांच्या खुर्चीवर आला, तर म्हणे त्या खुर्चीलाच विजेची मोटार बसवण्याचे आराखडे काढत बसला. 12 मार्च 1914 रोजी न्यूयॉर्कमध्ये तो गेला. सुमारे तीन महिन्यांनी मार्गरेटही. फोटो काढून घ्यायला तो नाखूश असे, रोजनिशी त्याने ठेवली नाही. आर्लिंग्टनच्या सैनिकी दफनभूमीत दोघं आहेत. तिथली जागा त्याला मिळाली ती ब्रेकमुळे किंवा विजेमुळे नव्हे. युद्धात नौदलाच्या इंजिनांवर काम केलेला एक शिपाई म्हणून. 1930 मध्ये पिट्सबर्गच्या शेन्ली पार्कात त्याचं स्मारक झालं. त्याची वर्गणी त्याच्या कंपन्यांतल्या हजारो नोकरांनी भरली.