पुस्तकं समुद्रात बुडाली, मग पुस्तकांसाठीच घर बांधलं : बाबासाहेबांच्या राजगृहाची गोष्ट

१९१७ साल. पहिलं महायुद्ध ऐन भरात होतं. लंडनहून मुंबईला निघालेल्या एका तरुणाने आपलं सामान दुसऱ्या बोटीने पाठवलं होतं. जर्मन पाणबुडीने ती बोट बुडवली आणि पै-पै साठवून घेतलेली पुस्तकं समुद्राच्या तळाशी गेली. तरुणाचं नाव होतं भीमराव रामजी आंबेडकर.

पुढे याच माणसाने देशातल्या सर्वात मोठ्या खासगी ग्रंथसंग्रहांपैकी एक उभा केला.

पण पुस्तकांचं हे वेड आलं कुठून?

त्याची सुरुवात परळच्या चाळीतल्या एका खोलीत झाली. स्वयंपाक, झोप, अभ्यास सगळं तिथेच. वडील रामजी सुभेदार यांची पेन्शन ५० रुपये. तरीही भीमाने मागितलेलं पुस्तक घरात येणार म्हणजे येणार. हातात पैसे नसले की रामजी लग्न झालेल्या मुलींकडे जायचे, प्रसंगी त्यांचा दागिना गहाण ठेवायचे आणि पेन्शन आली की सोडवून आणायचे. पुस्तकाची किंमत सगळं घर मोजत होतं.

१९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धांचं चरित्र त्यांना भेट दिलं. याच पुस्तकातून त्यांची बुद्धांशी पहिली ओळख झाली.

१९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. खाण्यापिण्यात काटकसर करायची आणि जुनी पुस्तकं विकत घ्यायची, असं करत तिथे सुमारे २ हजार पुस्तकं जमवली. ती एका मित्राकडे सोपवली, पण त्यातली बरीचशी हाती लागलीच नाहीत. त्यानंतर बोट बुडाली.

बुडालेल्या सामानाची भरपाई म्हणून ६०० रुपये मिळाले. त्याच पैशातून ते नोकरीसाठी बडोद्याला गेले. तिथे काय झालं? परदेशातून शिकून आलेल्या या अधिकाऱ्याला जातीमुळे राहायला कुणी जागाच देईना. पारशी असल्याचं सांगून ते एका पारशी सरायीत राहिले. खरं कळताच काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं. शेवटी नोकरी सोडून ते मुंबईला परतले.

मुंबईत त्यांचा संसार परळच्या बीआयटी चाळीत दोन खोल्यांचा होता. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. सिडनहॅम कॉलेजातल्या नोकरीची बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेलं कर्ज यांवर शिक्षण पूर्ण केलं. इकडे रमाबाई तुटपुंज्या पैशात घर सांभाळत होत्या. बाबासाहेबांच्या अभ्यासाची मोठी किंमत त्यांनीही मोजली.

पुस्तकं वाढत गेली आणि चाळ अपुरी पडू लागली. मग दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी घर बांधलं. मगधाच्या प्राचीन राजधानीवरून नाव ठेवलं, राजगृह. तळमजल्यावर कुटुंब आणि वरती पुस्तकं. ज्याला बडोद्यात एक खोली मिळाली नव्हती, त्याने आपल्या पुस्तकांना अख्खा मजला दिला. जवळच बांधलेली 'चारमिनार' ही दुसरी इमारत पुढे विकावी लागली, राजगृह मात्र राखलं. इथला संग्रह ५० हजारांच्या घरात गेल्याचं सांगितलं जातं.

याच घरात २७ मे १९३५ रोजी रमाबाईंचं निधन झालं. नव्या घराचं सुख त्यांच्या वाट्याला फार थोडं आलं.

एवढ्या पुस्तकांचं पुढे काय झालं?

१९४५ मध्ये बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. आपल्या संग्रहातली पुस्तकं त्यांनी या कॉलेजच्या ग्रंथालयाला दिली. आयुष्यभर जीवापाड जपलेले ग्रंथ आता अशा मुलांच्या हाती जाणार होते, ज्यांच्या घरी गहाण ठेवायला दागिनाही नव्हता.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचं निधन झालं. आदल्या रात्रीपर्यंत ते बुद्धांवरच्या आपल्या ग्रंथाचं काम करत होते. केळुसकर गुरुजींनी दिलेल्या त्या भेटीला तेव्हा जवळपास ५० वर्षं होत आली होती.

त्यांचं पार्थिव मुंबईत आणलं गेलं, ते राजगृहातच.