गदरचा वर्ध्याचा क्रांतिकारक मेक्सिकोत मक्याची लग्नं लावत होता

पावसाळ्यात विठ्ठलवाडी स्टेशनबाहेर कणीस भाजायला घेतलं की आधी पाला सोलला जातो, मग ते चिकट केस ओढून फेकले जातात. फेकण्याआधी त्यातला एक केस धरून मागे मागे जा. तो एका दाण्यापाशी थांबतो. एका दाण्याला एक केस, हा मक्याचा हिशोब ठरलेला आहे.

या केसांच्या भानगडीत एक मराठी माणूस पार मेक्सिकोत जाऊन पडला होता. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे.

जन्म वर्ध्याचा, पुढचं शिक्षण नागपूरला. टिळकांच्या काळातलं तापलेलं वातावरण, त्यात पोरगं जहाल. इंग्रजांना हाकलायचं तर सैनिकी शिक्षण हवं, असं मनाने घेतलं आणि जपानमार्गे अमेरिका गाठली. कॅलिफोर्नियात एका सैनिकी अकादमीत कवायती केल्या, ओरेगॉन आणि वॉशिंग्टनमध्ये शेतीशास्त्र शिकले. 1913 साली गदर पक्ष उभा राहिला, त्याच्या सुरुवातीच्या मंडळींत खानखोजे होते.

ते शेती शिकत होते तो काळही भारी होता. मटारच्या रोपांवरून आनुवंशिकतेचे नियम मांडणारा मेंडेल मरून गेला तरी त्याचं काम धूळ खात पडलं होतं. 1900 साली ते पुन्हा उजेडात आलं. ज्यांनी ते उजेडात आणलं त्यांच्यापैकी द व्ह्रीस आणि कोरेन्स या दोघांनी मक्यावरही प्रयोग केले होते. म्हणजे खानखोजे कॉलेजात होते तेव्हा हे शास्त्र जेमतेम दहा वर्षांचं होतं.

पण आधी युद्ध आलं. पहिल्या महायुद्धात ते इराणमध्ये इंग्रजांविरुद्ध लढले. मग बर्लिन. 1921 साली वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय आणि भूपेंद्रनाथ दत्तांसोबत मॉस्को. घरी परतायची सोय नव्हती, इंग्रजांच्या काळ्या यादीत नाव होतं. 1924 साली ते मेक्सिकोत पोहोचले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी शाळेत शिकवू लागले.

मेक्सिको तेव्हा स्वतःच्या क्रांतीतून नुकताच बाहेर आला होता. जमीनदारांच्या जमिनी शेतकऱ्यांना वाटल्या जात होत्या. पण नुसत्या जमिनीने पोट भरत नाही, बियाणं चांगलं लागतं. आणि मेक्सिकोत पोट म्हणजे मका.

मक्याची गंमत अशी की नर आणि मादी फुलं एकाच झाडावर असतात, पण वेगवेगळ्या मजल्यांवर. शेंड्याचा तुरा म्हणजे नर, त्यातून परागकण उडतात. खाली पानाच्या बेचक्यात कणीस, ते मादी. त्याचे केस बाहेर लोंबत वाऱ्याची वाट बघतात. केसावर परागकण पडला की त्यातून एक बारीक नळी निघते आणि केसाच्या आतून थेट बीजांडापर्यंत जाते. त्या नळीतून दोन नर पेशी पोहोचतात. एकीपासून अंकुर तयार होतो, दुसरीपासून अंकुराची शिदोरी, म्हणजे आपण खातो तो पिठाळ भाग.

वाऱ्याच्या भरवशावर काम सोडलं तर बाप कोण ते कळायचं नाही. म्हणून मक्यावर काम करणारे कणसावर कागदी पिशवी बांधतात, तुऱ्यावरही बांधतात आणि हव्या त्या झाडाचे पराग स्वतःच्या हाताने केसांवर टाकतात. लग्न जुळवण्यासारखंच, फक्त पत्रिकेऐवजी वही.

आता पिवळ्या मक्याचं पांढऱ्याशी लावून बघा. पहिल्या पिढीत सगळे दाणे पिवळे, पांढरा गुण गायब. पण तेच दाणे पेरून झाडाचे पराग त्याच झाडाच्या केसांवर टाकले, की एकाच कणसावर पिवळे आणि पांढरे दाणे शेजारी शेजारी दिसतात, साधारण तीनास एक. पांढरा गुण मेला नव्हता, दबून बसला होता. मेंडेलला मटारच्या शेंगा फोडून मोजावं लागलं ते मक्याच्या कणसावर नुसतं बोट फिरवून मोजता येतं.

खानखोजेंनी याहून अवघड स्थळ आणलं. मेक्सिकोत तेओसिंते नावाचं रानगवत उगवतं. त्याला फांद्या पुष्कळ, अंगात चिवटपणा, पण कणीस बोटाएवढं आणि त्यातले मोजके दाणे दगडासारख्या कवचात. या रानटी सोयरिकीशी त्यांनी मक्याचा संकर केला. दोघांचे गुण एका झाडात आणायचे, तर पुढच्या पिढ्यांत वेगवेगळी होत जाणारी रोपं निवडत बसावं लागतं. हंगामामागून हंगाम जातात. 1930 साली त्यांनी 'ग्रानादा' मक्यावर पुस्तिका काढली. त्याच्या शास्त्रीय नावातला 'डिजिटाटा' हा शब्द बोटांवरून आलेला आहे. गव्हाच्या वाणांवरही त्यांनी काम केलं. शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा चालवल्या.

त्यांच्या मक्याचे फोटो काढले तीना मोदोत्ती या नामांकित फोटोग्राफरने. चित्रकार दिएगो रिवेराने मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर भाकरी वाटून खाण्याचं चित्र रंगवलं, त्यात टेबलाच्या मधोमध भाकरी मोडणारा माणूस वर्ध्याचा आहे. मेक्सिकोत हे मोठे, आणि इकडे विदर्भात किती जणांना नाव ठाऊक?

स्वातंत्र्यानंतर त्यांनी भारतात यायला अर्ज केला, तर इंग्रजांची ती काळी यादी आडवी आली. ज्या सरकारसाठी आयुष्य उधळलं त्यानेच आधी व्हिसा नाकारला. नंतर तो मिळाला. बेल्जियन पत्नी आणि दोन मुली असा संसार घेऊन खानखोजे शेवटी नागपूरला स्थिरावले. 22 जानेवारी 1967 ला त्यांचं निधन झालं.

त्यानंतर काही वर्षांनी जॉर्ज बीडल या नोबेलविजेत्या शास्त्रज्ञाने मेक्सिकोतच मका आणि तेओसिंतेच्या संकराची दुसरी पिढी लावली, तब्बल 50,000 झाडं. साधारण पाचशेत एक झाड हुबेहूब मका निघालं आणि पाचशेत एक हुबेहूब तेओसिंते. एवढ्या मोठ्या फरकामागे मुख्य जनुकं चार-पाचच असावीत, असा हिशोब त्याने मांडला. आज तेओसिंते हाच मक्याचा पूर्वज मानला जातो. सुमारे 9,000 वर्षांपूर्वी मेक्सिकोतल्या शेतकऱ्यांनी त्याला निवडत निवडत कणसापर्यंत आणलं होतं.

2022 साली चापिंगोत खानखोजेंचा पुतळा बसला.