पेशीचं तेलकट आवरण न बघताच ओळखणारा अर्नेस्ट ओव्हरटन

उजनीच्या बॅकवॉटरला काय किंवा गावच्या ओढ्याला काय, संथ पाण्यात केसांसारखं हिरवं, बुळबुळीत शेवाळ धरतं. त्यातल्याच एका प्रकाराला शास्त्रात स्पायरोगायरा म्हणतात. याच शेवाळावर एका इंग्रज पोराने अभ्यास केला होता. त्याचं नाव अर्नेस्ट ओव्हरटन.

जन्म 1865 चा, इंग्लंडमधला. आईकडून तो चार्ल्स डार्विनचा लांबचा नातेवाईक. 1882 साली कुटुंब स्वित्झर्लंडला गेलं आणि तिथे तो वनस्पतिशास्त्रात रमला. पेशीत काय शिरतं आणि काय बाहेरच राहतं, या प्रश्नाने त्याला धरलं ते कायमचं.

प्रयोग बघा किती साधा. वनस्पतीच्या मुळावरचे बारीक केस उसाच्या साखरेच्या दाट पाण्यात ठेवायचे. साखर आत शिरू शकत नाही, त्यामुळे पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि पेशी आतल्या आत आकसते. हे मायक्रोस्कोपखाली दिसतं. पण त्याच पाण्यात थोडं अल्कोहोल मिसळलं, तर त्याने पेशी जास्त आकसत नाही. म्हणजे अल्कोहोल सरळ आत घुसतंय!

असे शेकडो पदार्थ त्याने तपासले. साखर, क्षार अडकायचे. तेलात सहज विरघळणारे पदार्थ मात्र झटकन आत जायचे. 1900 साली त्याने कापडाच्या रंगांवरही हेच करून पाहिलं. काही रंग जिवंत पेशीत उतरले, काही दारातच थांबले. (पुढे नियमात न बसणारे रंगही सापडले आणि त्यावरून बराच वाद झाला.) त्याचा निष्कर्ष होता की पेशीभोवती कोलेस्टेरॉल आणि लेसिथिनसारख्या स्निग्ध पदार्थांचं आवरण असावं. हे आवरण त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्या काळच्या मायक्रोस्कोपमध्ये ते दिसणंच शक्य नव्हतं.

1901 मध्ये बेडकाच्या पिल्लांवर काम करून त्याने भुलीच्या औषधांचा नियम मांडला. जे औषध तेलात जास्त विरघळतं, ते कमी मात्रेत भूल देतं. हान्स मायरलाही स्वतंत्रपणे हेच सापडलं होतं, म्हणून नियमाला दोघांचं नाव आहे. 1902 मध्ये सोडियम नसेल तर स्नायू उत्तेजित होत नाही, हे त्याने दाखवलं. हॉजकिन आणि हक्सली यांनी मज्जातंतूतला सोडियमचा खेळ उलगडला तो 1952 साली. त्यांना नोबेल मिळालं, ओव्हरटनला कधीच नाही.

1907 पासून तो स्वीडनच्या लुंडमध्ये प्राध्यापक होता. तिथे त्याने लुईस पेत्रेनशी लग्न केलं. गणितात पीएचडी मिळवणारी ती पहिली स्वीडिश स्त्री. 1933 साली लुंडमध्येच तो वारला.

आता पेशीच्या आवरणात थेट चमकणारे रंग सोडतात. लॉर्डान नावाचा रंग 1979 नंतरचा. आवरणातले स्निग्ध रेणू घट्ट रचलेले असतील तिथे तो निळसर चमकतो, सैल असतील तिथे हिरवट. अशा सैल आवरणात कोलेस्टेरॉल वाढवलं की चमक निळ्याकडे सरकते.