मुंबई हायकोर्टाचे पहिले हिंदी बॅरिस्टर : बदरुद्दीन तय्यबजी

मुंबईत सीएसएमटी स्टेशनातून बाहेर पडलं की समोर अंजुमन-ए-इस्लामची इमारत दिसते. आपल्या कितीतरी घरांतली मुलं-मुली या संस्थेत शिकली. १८७४ मध्ये ती उभारणाऱ्यांमध्ये बदरुद्दीन तय्यबजी पुढे होते, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण कामाच्या ठिकाणी रंगावरून, वंशावरून कमी लेखलं जातं तेव्हा माणसाने काय करावं, हेही त्यांच्या आयुष्यातून शिकण्यासारखं आहे.

१८४४ मध्ये मुंबईतल्या सुलेमानी बोहरा व्यापारी घराण्यात त्यांचा जन्म झाला. वालिद मुल्ला तय्यब अली यांनी मुलांना मदरशाची तालीमही दिली आणि इंग्रजी शिक्षणही. थोरले भाऊ कमरुद्दीन विलायतेत सॉलिसिटर झाले. बदरुद्दीनही तिकडे गेले. डोळ्यांच्या दुखण्यामुळे शिक्षण मध्येच सोडून परतावं लागलं. बरं वाटल्यावर ते पुन्हा गेले आणि १८६७ मध्ये बॅरिस्टर होऊन मुंबईला आले.

तोवर मुंबई हायकोर्टातले सगळे बॅरिस्टर गोरे होते. त्यात बॅरिस्टरला पक्षकाराकडून थेट केस घेता येत नसे, ती सॉलिसिटरमार्फतच यायची. म्हणजे नुसती पदवी पुरेशी नव्हती, कुणीतरी विश्वासाने काम सोपवायला हवं होतं. तय्यबजींनी तो विश्वास मेहनतीने कमावला आणि पुढे मुंबईच्या आघाडीच्या बॅरिस्टरांत त्यांचं नाव घेतलं जाऊ लागलं.

स्वतःचं बस्तान बसलं म्हणून ते गप्प बसले नाहीत. त्या काळी सिव्हिल सर्व्हिसमधला हिंदी अधिकारी मुंबई-कलकत्त्यासारख्या शहरात मॅजिस्ट्रेट असताना गोऱ्या आरोपीचा खटला चालवू शकत होता. पण बढती मिळून जिल्ह्यात गेला की हा अधिकार जायचा. त्याच्या हाताखालच्या गोऱ्या अधिकाऱ्याला मात्र तो असायचा! परीक्षा एकच, नोकरी एकच, फरक फक्त कातडीचा. बिहारीलाल गुप्ता या बंगाली अधिकाऱ्याने हे सरकारच्या नजरेस आणलं आणि १८८३ मध्ये इल्बर्ट बिल आलं. गोऱ्यांनी त्याविरुद्ध काहूर माजवलं. तेव्हा मुंबईच्या टाउन हॉलमधल्या सभेत बिलाच्या बाजूने तय्यबजी बोलले. सोबत पारशी फिरोजशहा मेहता आणि हिंदू काशिनाथ तेलंग होते. तरीही सरकार नमलं. १८८४ च्या कायद्यात गोऱ्या आरोपीला निम्मी ज्युरी गोरी मागण्याची मुभा मिळाली.

१८८७ मध्ये मद्रासला काँग्रेसचं अध्यक्षपद भूषवणारे ते पहिले मुसलमान ठरले. १८९५ मध्ये ते हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. १८९७ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांचा जामीन आधी हायकोर्टातही फेटाळला गेला होता. तय्यबजींसमोर अर्ज आला आणि त्यांनी जामीन दिला. पुढे दुसऱ्या न्यायाधीशासमोर खटला चालला, तेव्हा ज्युरीतले सहा गोरे टिळकांना दोषी म्हणाले आणि तिघे हिंदी निर्दोष. रंगाची भिंत किती पक्की होती, ते यावरून कळतं.

१९०२ मध्ये तय्यबजींनी हंगामी मुख्य न्यायाधीश म्हणून काम पाहिलं. हा मान मिळालेले ते पहिले हिंदी. १९०६ मध्ये लंडनला त्यांचा इंतकाल झाला. पण त्या खुर्चीवर कायमचा हिंदी माणूस बसायला १९४७ साल उजाडलं. ते होते एम. सी. छागला.

एकाला खुर्ची मिळाली म्हणून भेदभाव संपत नाही, हे तय्यबजींना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी आपलं काम चोख ठेवलं, अन्याय दिसला तिथे इतरांना सोबत घेऊन कायद्याच्या भाषेत बोलले आणि मागून येणाऱ्यांसाठी शाळा काढली. आज ऑफिसात नावावरून किंवा रंगावरून डावलल्या जाणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी नोकरी सोडण्याआधी या तिन्ही गोष्टींचा विचार जरूर करावा.