एक इंजिन बंद, दुसऱ्यातलं ऑइल संपलेलं आणि खाली समुद्र: किंग्सफोर्ड स्मिथचा किस्सा

15 मे 1935 ची सकाळ. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या मध्ये टास्मान समुद्र आहे, त्यावरून तीन इंजिनांचं एक जुनं विमान उडतंय. आत तीन माणसं आणि टपालाच्या पोत्यांचा ढीग. ब्रिटनच्या राजाच्या कारकिर्दीला 25 वर्षं झाली म्हणून खास जुबिली टपाल निघालेलं होतं, ते न्यूझीलंडला पोचवायचं होतं.

सिडनी 800 किलोमीटरच्या मागे पडलं होतं. तेवढ्यात मधल्या इंजिनाच्या एक्झॉस्ट पाइपचा तुकडा तुटला आणि उडून थेट उजव्या इंजिनाच्या पंख्यावर आदळला. पंख्याचं एक पातं मोडलं. अख्खं विमान असं थरथरायला लागलं की ते इंजिन बंद करण्यावाचून पर्याय उरला नाही.

विमान मागे वळवलं. चालवणारा होता चार्ल्स किंग्सफोर्ड स्मिथ, ज्याला सगळा ऑस्ट्रेलिया लाडाने स्मिथी म्हणायचा. आज सिडनीच्या मुख्य विमानतळाला त्याचं नाव आहे. 1966 मध्ये ऑस्ट्रेलियाने 20 डॉलरची नोट काढली तेव्हा तिच्यावर याच गड्याचा चेहरा होता. पण त्या सकाळी मात्र सिडनी गाठता येईल की नाही, याचीच खात्री नव्हती.

या माणसाचं आणि समुद्राचं जुनं वैर होतं. 9 फेब्रुवारी 1897 ला ब्रिस्बेनमध्ये जन्मलेला स्मिथी दहा वर्षांचाही नव्हता, तेव्हा सिडनीच्या बाँडाय बीचवर बुडता बुडता वाचला. किनाऱ्यावरच्या लोकांनी त्याला ओढून बाहेर काढलं. पुढे आयुष्यभर याच पोराने एकामागून एक समुद्र विमानाने ओलांडले आणि शेवटच्या काही वर्षांत पाण्यावरून उडताना त्याला घाबरून जाण्याचे झटकेही यायला लागले होते.

सोळाव्या वर्षी तो एका साखर कंपनीत इलेक्ट्रिकलचं काम शिकायला लागला. मग पहिलं महायुद्ध आलं. गॅलिपोलीला गेला, मोटारसायकलवरून निरोप पोचवायचं काम केलं आणि 1917 मध्ये रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये शिरला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शत्रूच्या गोळ्यांनी त्याचा डावा पाय फोडला, पावलाचा काही भाग कापावा लागला. मिलिटरी क्रॉस मिळाला. उडायचं मात्र सुटलं नाही.

1919 मध्ये इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया अशी विमानांची मोठी शर्यत ठरली. स्मिथीला भाग घ्यायचा होता, पण दिशा काढत लांबचा प्रवास करण्याचा त्याला पुरेसा अनुभव नाही, असं ठरवून ऑस्ट्रेलिया सरकारने परवानगी नाकारली. मग अमेरिकेत जाऊन विमानाच्या कसरती केल्या, परत येऊन पश्चिम ऑस्ट्रेलियात टपालाची विमानं चालवली आणि तेही पुरेना म्हणून मित्र कीथ अँडरसनसोबत ट्रकचा धंदा टाकला. हे नाव लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

स्मिथीला जगभर नाव मिळालं ते 1928 मध्ये. अमेरिका ते ऑस्ट्रेलिया, सगळा प्रशांत महासागर विमानाने ओलांडायचा. हे तोपर्यंत कुणीच केलेलं नव्हतं. सोबतीला चार्ल्स उल्म नावाचा भागीदार होता. खिशात पैसे जवळपास नव्हतेच, शेवटी जॉर्ज ॲलन हँकॉक या अमेरिकन धनिकाने हात दिला. विमान होतं फोकर कंपनीचं, त्याचं नाव ठेवलं सदर्न क्रॉस. 31 मे ला कॅलिफोर्नियातल्या ओकलँडहून उड्डाण केलं, हवाई आणि फिजीला थांबा घेतला आणि 9 जूनला ब्रिस्बेन. हवेत साधारण 83 तास. फिजीत तर धावपट्टीच नव्हती, सुवा शहरातल्या खेळाच्या मैदानावर विमान उतरवलं.

सदर्न क्रॉसला राइट कंपनीची तीन व्हर्लविंड इंजिनं होती. 1927 मध्ये चार्ल्स लिंडबर्गने एकट्याने अटलांटिक ओलांडला तो याच इंजिनाच्या जोरावर. नऊ सिलिंडर गोलाकार मांडलेले, ताकद सुमारे 220 अश्वशक्ती आणि सगळ्यात महत्त्वाचं, थंड करायला पाणी नाही. स्प्लेंडर किंवा जुन्या बुलेटच्या इंजिनावर बारीक बारीक पट्ट्या असतात ना, तोच प्रकार. समोरून येणारी हवा त्या पट्ट्यांमधून जाते आणि उष्णता घेऊन जाते. आजही लहान विमानांची बहुतेक पेट्रोल इंजिनं अशीच हवेने थंड होतात.

पण हवा फक्त बाहेरून काम करते. आतले पिस्टन, बेअरिंग, क्रँकशाफ्ट यांच्यापर्यंत ती पोचत नाही. तिथली उष्णता उचलायचं काम ऑइल करतं. म्हणजे ऑइलची कामं दोन, घर्षण कमी करणं आणि आतून थंडावा देणं. म्हणूनच पायलटच्या समोर ऑइलचे दोन काटे असतात, एक प्रेशरचा, एक तापमानाचा. आणि ते कायम जोडीने वाचायचे असतात.

प्रेशरचा काटा खाली आला पण तापमान जागच्या जागी आहे, तर कदाचित काटाच बिघडला असेल. तरीही जवळचा विमानतळ शोधायचा, पण श्वास घ्यायला वेळ असतो. प्रेशर खाली आणि तापमान वर, असं दोन्ही एकदम दिसलं तर समजायचं की ऑइल खरोखरच संपत आलंय. उरलेलं थोडं ऑइल तेच ते फिरून तापतं, तापलं की पातळ होतं, पातळ झालं की प्रेशर आणखी पडतं. शेवटी धातूवर धातू घासला जातो आणि इंजिन जाम होतं.

15 मे ला सदर्न क्रॉसच्या डाव्या इंजिनाचं नेमकं हेच व्हायला लागलं.

तिसऱ्या इंजिनाचा भार उरलेल्या दोघांवर आला होता. विमान हवेत ठेवायचं तर दोन्ही फुल थ्रॉटलवर पळवणं भाग होतं. इंजिन जास्तीत जास्त उष्णता काढतंय आणि विमानाचा वेग मात्र घटलाय, म्हणजे पट्ट्यांमधून जाणारी हवा कमी. शिवाय इंजिन काही नवं नव्हतं. ते ऑइल पिऊ लागलं. सामान समुद्रात फेकून वजन कमी केलं, तरी काटा खालीच येत राहिला. डावं इंजिन गेलं असतं तर एकट्या मधल्या इंजिनावर ते धूड तरंगणं शक्यच नव्हतं.

आणि गंमत बघा. उजव्या बंद इंजिनाच्या टाकीत भरपूर ऑइल होतं. विमानात ऑइल होतं, फक्त ते चुकीच्या बाजूला होतं. एका टाकीतून दुसरीकडे नेणारी नळी नव्हती.

दुसरा पायलट होता पी. जी. टेलर. तो खिडकीतून बाहेर पडला. पंखाखालून इंजिनापर्यंत जाणाऱ्या अरुंद दांड्यावर पाय, वरच्या कडेला हात आणि अंगावर वाऱ्याचा मारा, अशा अवस्थेत तो बंद इंजिनापर्यंत सरकत गेला. टाकीखालचं झाकण सैल करून त्याने थर्मासमध्ये ऑइल धरलं. रेडिओ सांभाळणारा जॉन स्टॅनेज आतून मदतीला होता. ते ऑइल एका छोट्या सुटकेसमध्ये ओतलं, ती केबिनमधून डाव्या बाजूला नेली आणि टेलर पुन्हा बाहेर पडला, या वेळी चालू इंजिनाकडे.

इथे खरी कसोटी स्मिथीची होती. चालू इंजिनाचा पंखा फुल जोरात फिरत असताना त्याच्या मागे उभं राहून कुणी ऑइल ओतू शकत नाही, सगळं वाऱ्यावर उडून जाईल आणि माणूसही जाईल. म्हणून स्मिथीने आधी ओढूनताणून जमेल तेवढी उंची मिळवली आणि मग डावं इंजिन हळू केलं. विमान खाली यायला लागलं. समुद्र जवळ येण्याआधी टेलरने टाकीचं झाकण उघडायचं, ऑइल ओतायचं, झाकण लावायचं आणि बाजूला व्हायचं. मग इंजिन पुन्हा फुल.

काटा वर आला. पण थोड्याच वेळात परत खाली. मग पुन्हा तीच फेरी.

असं सहा वेळा झालं. शेवटी टपालाची पोतीही समुद्रात गेली, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप होता. दुपारी सदर्न क्रॉस सिडनीत उतरलं तेव्हा तिघेही जिवंत होते. टेलरला 1937 मध्ये एम्पायर गॅलंट्री मेडल मिळालं, त्याच्या बदल्यात पुढे जॉर्ज क्रॉस दिला गेला.

ही गोष्ट बहुतेक ठिकाणी टेलरच्या धाडसाची म्हणून सांगितली जाते आणि ते बरोबरच आहे. पण स्मिथी कुठल्या अवस्थेत त्या सीटवर बसला होता, हेही बघायला हवं.

एव्हाना त्याच्या नावामागे सर लागलेलं होतं, 1930 मध्ये इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया एकट्याने दहा दिवसांच्या आत पार केलं होतं. पण 1929 चा एक डाग पुसला जात नव्हता. त्या वर्षी 31 मार्चला इंग्लंडच्या वाटेवर असताना सदर्न क्रॉसला वादळात रस्ता सापडेना आणि वायव्य ऑस्ट्रेलियातल्या एका ओसाड चिखलात उतरावं लागलं. स्मिथी, उल्म आणि दोन साथीदार तिथे बारा दिवस अडकले. कॉफीत ब्रँडी घालून प्यायले म्हणून त्या जागेचं नाव पडलं कॉफी रॉयल.

त्यांना शोधायला निघालेल्यांत जुना मित्र कीथ अँडरसन होता. प्रशांत महासागराच्या मोहिमेतून बाहेर राहिल्यामुळे त्याचं आणि स्मिथीचं भांडण कोर्टापर्यंत गेलं होतं, तरीही तो निघाला. सोबत मेकॅनिक बॉब हिचकॉक. त्यांचं लहानसं विमान, नाव कुकाबरा. वाटेत इंजिनात बिघाड झाला म्हणून तनामी वाळवंटात उतरले. इंजिन दुरुस्त झालं, पण झुडपांतून उड्डाणच करता येईना. दोघेही तहानेने मेले.

स्मिथी आणि उल्म सुखरूप परतले आणि लोक उलटले. प्रसिद्धीसाठी मुद्दाम हरवले, असा आरोप झाला. सरकारी चौकशी बसली. इंजिनातलं ऑइल जाळून काळा धूर का केला नाही, हाही प्रश्न विचारला गेला. चौकशीत आरोप खोटे ठरले, पण दोन माणसं गेली होती आणि लोकांच्या मनातून ते गेलं नाही. त्यानंतर उल्मसोबत काढलेली विमान कंपनी 1931 मध्ये बुडाली. डिसेंबर 1934 मध्ये उल्म स्वतः हवाईजवळ समुद्रात बेपत्ता झाला. स्मिथीला पैशासाठी लोकांना विमानाच्या फेऱ्या मारून आणाव्या लागत होत्या.

म्हणजे टास्मानवर काटा खाली येत होता, तेव्हा पाण्याची भीती बसलेला, अर्ध्या पावलाचा, थकलेला 38 वर्षांचा माणूस विमान हातात धरून बसला होता. आणि हात हलला असता तर बाहेर दांड्यावर उभा असलेला माणूस गेला असता.

इथे तो थांबेल असं वाटतं. नाही थांबला. सदर्न क्रॉस सरकारला विकलं, ते आजही ब्रिस्बेनच्या विमानतळाजवळ जपून ठेवलंय. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो लेडी सदर्न क्रॉस नावाच्या एका इंजिनाच्या लॉकहीड विमानातून इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला निघाला, जुना विक्रम मोडायला. सोबत होता टॉमी पेथीब्रिज. त्यांनी भारतातलं शेवटचं उड्डाण अलाहाबादहून, म्हणजे आजच्या प्रयागराजहून केलं. पुढचा मुक्काम सिंगापूर होता.

8 नोव्हेंबर 1935 च्या पहाटे विमान ब्रह्मदेशाच्या किनाऱ्याजवळ अंदमान समुद्रावर बेपत्ता झालं. साधारण दीड वर्षाने, 1937 मध्ये, आये नावाच्या बेटाजवळ मच्छीमारांना विमानाच्या चाकाचा एक पाय सापडला, त्यावर टायर तसाच होता. लॉकहीड कंपनीने तो लेडी सदर्न क्रॉसचाच असल्याचं सांगितलं.