नाईक यशवंत घाडगे (१९२१–१९४४)

तत्कालीन कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, माणगाव तालुक्यातील पळसगाव या खेड्यात १६ नोव्हेंबर १९२१ रोजी यशवंत घाडगे यांचा जन्म झाला. भाताची तुटपुंजी खाचरे असलेल्या या मुलखातील तरुणांपुढे पोटासाठी दोन वाटा असत: मुंबईची गिरणी, नाहीतर पलटण. यशवंतांनी पलटण धरली. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये ते बाविसाव्या वर्षी नाईक होते. एका छोट्या तुकडीची जबाबदारी त्यांच्यावर होती.

दुसऱ्या महायुद्धात भारतीय लष्करात वीस लाखांहून अधिक माणसे होती आणि ती सक्तीने आणलेली नव्हती. १९४२ मध्ये ‘चले जाव’ आंदोलनात याच पिढीतील तरुण तुरुंगात जात होते, तर दुसरे त्याच सरकारच्या गणवेशात परमुलखात लढत होते. ही विसंगती वगळून घाडगे यांचे चरित्र वाचता येत नाही. मात्र तिचा जाब एका तरुण नाइकाला विचारणेही न्याय्य नव्हे.

४ जून १९४४ रोजी रोम दोस्तराष्ट्रांच्या हाती आले. जर्मन सैन्य उत्तरेकडे हटत होते, पण प्रत्येक डोंगरसोंडेवर झुंजत होते. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात १० जुलै रोजी घाडगे यांची तुकडी अगदी जवळून मशीनगनच्या माऱ्यात सापडली. ते स्वतः वगळता सारे ठार वा जखमी झाले. मागून येणारे कोणी नाही, हे त्यांना पुरते ठाऊक होते, आणि तरीही ते मोर्चावर धावून गेले. त्यांच्या साहसाचा विचार करताना हे ठाऊक असणे महत्त्वाचे आहे. हातबॉम्बने त्यांनी मशीनगन व ती चालवणारा निकामी केला, टॉमीगनने दुसऱ्याला टिपले. मॅगझिन बदलण्यास अवधी नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना त्यांनी तिच्या तडाख्यांनी ठार केले. गौरवचरित्रे हा तपशील सौम्य करतात; तसे करू नये, कारण युद्ध असेच असते. तेवढ्यात दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत व पाठीत शिरल्या. जिंकलेल्या त्याच मोर्चात त्यांनी प्राण सोडला.

त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. पुढील वर्षी, एप्रिल १९४५ मध्ये, इटलीतच सेनिओ नदीकाठी मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या नामदेव जाधवांनीही हा सन्मान मिळवला. ते मात्र जिवंत परतले.

घाडगे यांची स्वतंत्र कबर नाही. कॅसिनो येथील स्मारकावर, कबर नसलेल्या हजारो सैनिकांच्या नावांत, त्यांचे नाव कोरलेले आहे. माणगावात त्यांचा पुतळा आहे. ज्या भागात ते पडले, तेथील मोंतोने या गावाने २०२३ च्या जुलैमध्ये त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारले.